थांबणारा नंबर

आईचा नंबर पुकारला गेला तेव्हा तिचा एक पाय चपलेत होता आणि दुसरी चप्पल खुर्चीखाली पार आत गेली होती. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या त्या एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या. मधल्या एकीखाली हात घालायचा तर जमिनीवर गुडघे टेकावे लागतात. मी गुडघे टेकले. गाल कुणाच्या तरी पिशवीला लागला, हाताला धूळ आणि एक जुनं च्युइंगगम लागलं, चप्पल काही लागेना. वर पडद्यावर आमचा आकडा लुकलुकत होता आणि मी घाईघाईने चाचपडत होतो, कारण त्या पडद्याला किती दम आहे हे त्या अख्ख्या दालनात मला एकट्यालाच माहीत होतं. तो पडदा माझा आहे. म्हणजे कंपनीचा; पण त्याच्यामागचा प्रोग्राम गेली आठ वर्षं मी सांभाळतो. नंबर पुकारायचा, जरासं थांबायचं, आत माणूस पोचल्याचं बटण दाबलं गेलं नाही तर तो नंबर गुमान रांगेच्या शेवटी ढकलायचा आणि पुढच्याला बोलवायचं. एवढाच त्याचा संसार. "अरे, राहू दे," आई वरून म्हणाली, "गेलाच असेल आता. बसू परत." ती हे इतक्या सहज म्हणाली, की नंबर आपला असला तरी तो जायचाच, हे तिला आधीपासून ठाऊक असावं. चप्पल एकदाची निघाली. आईने पाय घातला, काठी रोवली, आधी पुढे झुकली, मग तशीच जरा थांबली, मग उठली. तिचं उठणं अशा तीन टप्प्यांत होतं, हे मला तोवर नीट दिसलंच नव्हतं. मी मान वर केली. आकडा तिथेच होता. तोच ध्वनिमुद्रित बाईचा आवाज पुन्हा आला, आमचाच नंबर, आमचीच खोली, आणि मला वाटलं, जरा सावकाश. आई निघाली. काठी, पाय, दुसरा पाय. आकडा होता. तिने वाटेत एकीला "जरा पाय घ्या हं" म्हटलं, आकडा होता. ती दारात पोचली, आतल्या मुलीने बटण दाबलं, आणि मगच तो गेला. "सोबतच्यांनी बाहेर थांबा," असं म्हणून दार माझ्या तोंडावर लागलं. मी धुळीचा हात तसाच पुढे धरून उभा राहिलो.

हा जास्तीचा थांबा मी मागच्या आठवड्यात काढून टाकला होता. पडद्यावरून नव्हे, अजून नाही, माझ्याकडच्या प्रतीतून. आज दुपारी चार वाजता तीच प्रत सगळ्या दवाखान्यांत जाणार होती. झालं असं, की आमच्या मॅनेजरला, ज्याला आम्ही पाठीमागे 'सरासरी' म्हणतो कारण तो लग्नाच्या पंगतीत बसला तरी एका पानामागे वेळ किती याचा हिशेब मांडेल, दवाखान्यांच्या मालकांनी विचारलं होतं, दोन पेशंटांमध्ये इतका वेळ का जातो. त्याने ते मला विचारलं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधायला मी प्रोग्रामच्या जुन्या भागात उतरलो, जिथे वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही, आणि तिथे मला त्या चार ओळी सापडल्या. अमुक खूण असेल तर थांब. पुन्हा पुकार. पुन्हा थांब. खुणेचं नाव एकच अक्षर. आमच्या धंद्यात कोडच्या शेजारी दोन शब्दांची टीप ठेवायची पद्धत आहे, मागून येणाऱ्यासाठी, की बाबा, हे असं का केलंय. इथे टीप नव्हती. ऑफिसात चौघांना विचारलं. चौघांनी खांदे उडवले. आणि आमच्यात न बोलता पाळला जाणारा एक कायदा आहे, की ज्याला टीप नाही त्याला कारण नाही. काढलं. चाचणी घेतली तर सगळं हिरवंगार, कुठेही चूक नाही. यायचंच. आमचे चाचणीतले पेशंट खोटे असतात. नंबर पुकारला की त्याच क्षणी ते दारात हजर होतात. त्यांना गुडघे नसतात, चप्पल नसते, त्यांच्या वाटेत कुणाचे पाय नसतात. सरासरी घसरली, आणि सरासरीने सगळ्यांच्या देखत टाळ्या वाजवल्या. आठ वर्षांत माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या. मग खुर्ची जवळ ओढून तो म्हणाला, "हे नीट पार पडू दे, तुला नव्या टीमवर घेतो. कोरं काम आहे. पहिल्या ओळीपासून."

कोरं काम. ज्याने आठ वर्षं दुसऱ्याच्या कोडला ठिगळं लावली आहेत त्यालाच या दोन शब्दांची चव कळेल. माझी जागा पँट्रीच्या दाराशी आहे. दार उघडलं की चहा मशिनची घरघर, बंद झालं की एसीची टिपटिप. तिच्याखाली कुणीतरी रिकामा मग ठेवलेला असतो आणि तो भरला की ओतायचा हे आपोआप माझं काम झालं आहे. खुर्चीचं एक चाक फिरत नाही. जग बदलायला निघालो होतो, नंबर बदलत बसलो, हा विनोद मी इतक्या वेळा केला आहे की आता लोक माझ्याआधीच हसून मोकळे होतात. माझ्या बरोबरीची मुलं कुठल्या कुठे गेली, कुणी नकाशे करतं, कुणी यंत्राला बोलायला शिकवतं, आणि लग्नात वगैरे भेटले की विचारतात, "तू अजून त्या रांगवाल्यांकडेच?" मी "हो ना" म्हणतो आणि भाताकडे वळतो. राग कंपनीचा नव्हता. कंपनी वाईट नाही, पगार वेळेवर देते. कंपनीला आपण काय करतो याचं काही वाटत नाही, एवढंच, आणि तसल्या हवेत आठ वर्षं राहिलं की आपल्यालाही वाटेनासं होतं. सकाळी दवाखान्यात शिरताना तो पडदा मला दिसला होता की. मी चक्क नजर चुकवली. रस्त्यात जुना ओळखीचा दिसला आणि त्याच्याशी बोलायचं नसलं की आपण चपलेचा अंगठा बघतो, तशी.

काउंटरवरच्या बाईंपाशी मी गेलो तो हात पुसायला कागद मागायच्या निमित्ताने. सकाळी नाव सांगताना त्यांनी आईकडे एकदा पाहिलं होतं, काठीकडे, पायांकडे, आणि मग कसलंसं जास्तीचं बटण दाबलं होतं. ते तेव्हा मी पाहिलं होतं, आत्ता मला दिसलं. विचारलं तर म्हणाल्या, "ते होय? वयस्कर कुणी असलं, कडेवर लेकरू असलं, की दाबते मी. नंबर जरा थांबतो मग. का थांबतो ते नाही माहीत बाई मला. माझ्या आधी इथे होत्या ना, त्यांनी जाताना सांगून ठेवलं होतं, हे विसरू नको म्हणून." आणि मग जरा घाबरून, "का हो? दाबायचं नसतं का?" मी म्हटलं, "नाही नाही. दाबत जा." मी त्यांना सांगू शकत होतो की मी त्याच कंपनीत आहे, की चारनंतर तुम्ही ते बटण कितीही दाबलंत तरी काही होणार नाही, कारण पलीकडे ऐकणारं कुणी नसेल. मूग गिळून कागदाला हात पुसत राहिलो.

आई बाहेर आली ती डोळ्यांत थेंब घालून. अर्धा तास डोळे मिटून बसायचं, बाहुल्या मोठ्या झाल्या की आतला पडदा तपासणार. मी तिला खुर्चीपर्यंत आणलं आणि तिने डोळे मिटून माझी बाही चिमटीत धरून ठेवली. चिमटीत. लहान मुलं धरतात तशी नाही. आपल्याला धरल्याचं समोरच्याला ओझं होऊ नये अशी. आज सकाळी टॅक्सीपासून दारापर्यंत मी तिच्या पुढे चार पावलं होतो. फायली माझ्या हातात, घाई माझ्या अंगात. दाराशी जाऊन उभा राहिलो, ती पोचली तसा वळलो आणि पुन्हा चालू लागलो. बाबा असेच करायचे. आम्ही तिघं कुठेही निघालो की ते पुढे, आई आणि मी मागे, माझं बोट तिच्या हातात. कोपऱ्यावर जाऊन ते थांबायचे, घड्याळ बघायचे, आणि आम्ही धापा टाकत पोचलो की लगेच निघायचे. त्यांना वाटायचं, आपण थांबतो. थांबायचेच ते, पण दम त्यांचा खाऊन व्हायचा, आमचा राहायचा. बाबा वाईट नव्हते, मला वाटतं त्यांना कुणी हे सांगितलंच नसेल. आईने तर नक्कीच नाही. ती आयुष्यभर गेलेल्या नंबरामागून चालत आली आणि "असू दे, बसू परत" हे तिचं घरातलं वाक्य झालं. सिनेमा सुरू झाला, असू दे. दुकान बंद झालं, असू दे, उद्या येऊ. मी तिला विसराळू समजायचो, मग भित्री समजायचो, कॉलेजात असताना तर मला तिची लाजसुद्धा वाटायची. आणि आज एका यंत्राने, माझ्या कंटाळवाण्या यंत्राने, तिला उठू दिलं होतं, चालू दिलं होतं, वाटेत कुणालातरी पाय घ्या म्हणू दिलं होतं, आणि ती पोचल्यावर मगच ते पुढे सरकलं होतं. माझे डोळे भरून आले. दवाखाना डोळ्यांचा, कुणाला काही वाटलं नाही.

मला कुणाचे तरी आभार मानायचे होते. ही भावना मला इतकी नवीन होती की तिचं काय करायचं ते कळेना. खिशात जागा नसताना कुणी हातात फूल द्यावं तशी पंचाईत. तो थांबा मी लिहिलेला नव्हता. म्हणजे माझ्या आधी जी होती तिने. तिला सगळे थोरली म्हणायचे, ऑफिसात वयाने सर्वांत मोठी म्हणून, तोंडावर ताई. मी लागलो तेव्हा तिनेच मला हा प्रोग्राम शिकवला, आणि दोन वर्षांनी निवृत्त झाली तेव्हा केक कापून आम्ही तिला लिफ्टपर्यंत पोचवलं आणि विसरलो. आईला म्हटलं, आलोच, आणि जिन्यापाशी जाऊन मी थोरलीला फोन लावला. इतक्या वर्षांनी. तिने पहिल्याच घंटीला उचलला आणि म्हणाली, "बोल रे. काय मोडलंस?"

मी त्या चार ओळींचं सांगितलं. म्हटलं, "ताई, तुम्ही लिहिलेलं ना ते? मला फक्त थँक्यू म्हणायचं होतं."

"मी कुठलं लिहितेय," ती म्हणाली. "ते माझ्या आधीचं. मी आले तेव्हाही टीप नव्हती. मीसुद्धा काढायला निघाले होते, तुला सांगते. बोट ठेवलं होतं बटणावर."

"मग?"

"मग काय. सासऱ्यांना घेऊन बसले होते एकदा असंच. कानाच्या डॉक्टरकडे. दोन्ही कान अधू, तीनदा पुकारलं तेव्हा तिसऱ्यांदा ऐकू आलं त्यांना. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाबा. दुसऱ्या दिवशी जाऊन मुकाट्याने तसंच ठेवून दिलं."

"पण टीप का नाही लिहिलीत?"

"लाज वाटली रे," ती म्हणाली. "काय लिहू? माझ्या सासऱ्यांना ऐकू येत नाही म्हणून? तिथे सगळे कसे फाडफाड इंग्रजीत लिहायचे. आणि वाटलं, ज्याने लिहिलं त्याचं त्याला माहीत. आपण कशाला मध्ये." मग एकदम, "काढलंस का तू?"

"चारला जाणार आहे."

"अजून दुपार व्हायचीय," थोरली म्हणाली, आणि माझ्या आईच्या तब्येतीची चौकशी करू लागली.

जिन्याच्या खिडकीतून खाली गाड्या लावायची जागा दिसत होती. एक माणूस उलट्या बाजूने गाडी आत घालत होता आणि दुसरा त्याला हातवारे करत होता. दोघांची ओळख असेल असं वाटत नव्हतं. मी ते बघत राहिलो. म्हणजे कुणी लिहिलं ते कुणालाच माहीत नाही. कुणीतरी होतं, बहुतेक माझ्यासारखंच, तसल्याच एखाद्या न फिरणाऱ्या चाकाच्या खुर्चीत. त्याची कुणीतरी असेल, आई किंवा आजी किंवा पोटुशी बायको, जिचा नंबर गेला असेल, आणि त्याने दुसऱ्या दिवशी येऊन, कुणाला न विचारता, कुणाला न सांगता, चार ओळी घातल्या. त्याला टाळ्या मिळाल्या नसतील. सरासरी तर वाढलीच असेल. मी आठ वर्षं त्या ओळींच्या शेजारी बसून डबा खाल्ला आहे आणि माझ्या कामाला काही अर्थ नाही अशी कुरकुर केली आहे. काखेत कळसा. मला हसू आलं आणि हसता हसता फार बरं वाटलं. कुणीतरी आपल्या आधी इथे राहून गेलं आणि जाताना दिवा चालू ठेवून गेलं, असं.

पण नवी टीम. खोटं कशाला बोलू, फोनमधलं सरासरीचं नाव दाबायला मला वेळ लागला. कोरं काम हातातून जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि असली संधी माझ्या वयाच्या माणसाला दोनदा येत नाही. हे आत्ता न करण्याची कारणंही हात जोडून उभी होती. जाऊ दे आजचं, पुढच्या वेळी घालू परत. कुणाला कळणार आहे? कुणालाच कळलं नसतं, तेच तर. उद्या एखादी म्हातारी अर्धी उठली असती, आकडा गेलेला बघितला असता आणि "असू दे" म्हणून बसली असती, आणि तिने दोष स्वतःच्या गुडघ्यांना दिला असता. मी नाव दाबलं.

"एका थांब्यासाठी?" सरासरी म्हणाला. "अरे, मी क्लायंटला आकडा दिलाय."

"आकडा चुकला म्हणून सांग."

"कुणाचा चुकला म्हणू?"

"माझा म्हण. आपले खोटे पेशंट पळत येतात. खऱ्यांना वेळ लागतो. मी आत्ता बघितलं."

"बघितलं म्हणजे?"

"आई आहे सोबत. डोळ्यांच्या दवाखान्यात."

टेबलावर पेन आपटल्याचा आवाज येत होता. विचार करताना तो तसं करतो. "ठीक आहे, घाल परत," तो शेवटी म्हणाला. "पण मग नव्या टीमसाठी तुझं नाव मी कुठल्या तोंडाने पुढे करू, तूच सांग."

"नको करूस," मी म्हटलं. हे शब्द तोंडातून जाताना वाटलं होतं तितके जड नव्हते.

"काय माणूस आहेस," तो म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता, "डोळे बरे आहेत ना त्यांचे?"

बरे होते. वयाच्या मानाने उत्तम, असं डॉक्टर म्हणाले. घरी येताना टॅक्सीपर्यंत मी आईच्या शेजारून चाललो आणि ते मला जमेना, पाय आपोआप पुढे जायचे, मी त्यांना मागे ओढायचो, आणि आई म्हणाली, "असा अडखळतोस काय? तुझेही गुडघे दाखव एकदा." बाहेरचं ऊन तिला सोसत नव्हतं. घरी पडदे ओढून मी तिला पलंगावर आडवं केलं, आणि तिच्याच पायथ्याशी भिंतीला टेकून मांडीवर लॅपटॉप घेतला. चारला अजून अवकाश होता; त्या ओळी परत घालायला काहीच वेळ लागला नाही. अडलं ते पुढे. या खेपेला मी टीप लिहिणार होतो. मागून येणाऱ्याला आपल्या आईला घेऊन बसावं लागू नये, म्हणून. पण बोटं चालेनात. थोरलीची लाज मला कळली. काय लिहायचं? मी लिहिलं, खोडलं, लिहिलं.

"काय लिहितोयस एवढं?" मिटल्या डोळ्यांनी आईने विचारलं. माझ्या कामाबद्दल तिने इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. शेजारी विचारतात तेव्हा 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढं सांगते, मी आत अडकलो असल्यासारखं. मग मी तिला सगळं सांगितलं. नंबर कसा जातो, आज का गेला नाही, कुणी लिहिलं ते माहीत नाही, आणि आता मी तिथे दोन शब्द लिहितोय, कुणी काढू नये म्हणून. नवी टीम तेवढी सांगितली नाही. ती ऐकत राहिली. तिच्या मिटल्या पापण्यांखाली बुबुळं हलत होती.

"मग, काय लिहिलंस? वाच."

"हळू चालणाऱ्या माणसांसाठी हा थांबा आहे. काढू नये."

आईने डोळे उघडले. काळ्याभोर मोठ्या बाहुल्या, त्यांत तिला मी धुरकटच दिसत असणार. तरी तिने बरोबर माझ्याकडे बघितलं.

"हळू काय?" ती म्हणाली. कपाळाला आठी घालून, मी लहानपणी उत्तर चुकलो की घालायची तशी. "हळू नाही म्हणायचं. नाव ऐकलं की आम्ही निघालेलो असतो. तुम्हाला दिसत नाही, एवढंच."

मी मान खाली घातली आणि पहिलं वाक्य खोडलं. मग चार ओळींच्या वर, जिथे इतकी वर्षं काहीच नव्हतं तिथे, साध्या मराठीत लिहिलं: *थांबा. माणूस निघालेलं आहे.*